पाकिटाची पाठ

खंडेनवमीला भोसरीतल्या वर्कशॉपांत दुपारनंतर काम होत नाही. यंत्रं पुसायची, झेंडूच्या माळा घालायच्या, व्हर्नियर आणि मायक्रोमीटरला हळदकुंकू लावायचं, पेढे वाटायचे आणि घरी जायचं. मी निवृत्त झालोय, तरी त्या दिवशी जुन्या शॉपवर जातो. दोन वर्षांपूर्वी तसाच गेलो आणि पेढ्याचा पुडा घेऊन दोन वाजता घरी आलो, तर आमचा बोका, बंड्या, बाथरूमच्या कोपऱ्यातल्या मातीच्या ट्रेमध्ये उकिडवा बसलेला. उठला, फेरी मारली, परत येऊन बसला. माती कोरडीच.

"अहो, सकाळपासून असंच चाललंय त्याचं," बायको म्हणाली. "पोट साफ होत नसेल."

मलाही तेच वाटलं. चमचाभर तूप चाटवलं. संध्याकाळी तो पलंगाखाली जाऊन ओरडायला लागला, तेव्हा कुठे आम्ही त्याला टोपलीत घालून निघालो. सणाचा दिवस, दोन दवाखाने बंद, तिसरा उघडा. डॉक्टर तरुण मुलगी होती. तिने पोटाला हात लावला आणि माझा हात धरून तिथे ठेवला. आत मोसंब्याएवढं काहीतरी टणक. "हे मूत्राशय आहे काका. लघवीची वाट बंद झालीय. बद्धकोष्ठ नाही हे." नळी घातली, तुंबलेलं निघालं. आणखी एक दिवस घरी ठेवला असता तर बोका हाती लागला नसता, हे तिने स्पष्ट सांगितलं.

मग ती केसपेपर भरायला बसली. "खायला काय घालता?"

"ड्राय फूड."

"कुठलं?"

"ते... तांबडे-हिरवे दाणे असतात ते. सुटं आणतो."

तिने काही न बोलता पुढचा प्रश्न विचारला. मी मात्र तिथेच अडकलो. भोसरी एमआयडीसीत एकतीस वर्षं मी इनकमिंग इन्स्पेक्शनला होतो. बाहेरून येणारा माल आत घ्यायचा की परत पाठवायचा, हे ठरवणारा माणूस. टेस्ट सर्टिफिकेट नसलेली लोखंडाची सळई मी कधी गेटच्या आत घेतली नाही. हीट नंबर, म्हणजे भट्टीच्या घाण्याचा क्रमांक, नसला की लाल टॅग, माल परत. तारीख खाडाखोड, लाल टॅग. आणि घरच्या जित्राबाच्या पोटात तीन वर्षं नाव नसलेला, तारीख नसलेला माल बिनतक्रार जात होता.

बंड्या बरा झाला. मी मग उरलेलं वर्ष त्या दाण्यांच्या मागे लागलो.

*

आमच्या पट्ट्यात मांजर आणि दाणे यांची गाठ कशी पडली, ते आधी सांगतो. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, १९६२ नंतर एमआयडीसी आली, गावं जोडत जोडत १९८२ ला महापालिका झाली, आणि पुढे कारखाने नाशिक रस्त्याने चाकणपर्यंत पसरले. माझ्या लहानपणी चाळीत मांजर 'पाळत' नसत. ते असायचं. तीन घरचं उष्टं, कुणाकडच्या बोंबलाची डोकी, आणि बाकी पोट उंदरांवर. आता वाकडला, मोशीला, चिखलीला सातव्या मजल्यावर मांजर आहे. बाल्कनीला जाळी, दार बंद, नसबंदी झालेली, उंदीर दृष्टीसही पडत नाही. घरात दोघं कमावणारी. एक फर्स्ट शिफ्टला, दुसरी जनरलला, कंपनीची बस पावणेसहाला. शिजवलेलं मटण-मासे वाटीत ठेवले तर दुपारपर्यंत वास मारतात. दाणे टिकतात. शिफ्टमध्ये जगणाऱ्या माणसाला परवडणारं हे अन्न आहे आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही, हे मी आधीच सांगून टाकतो. कारण मांजरप्रेमी मंडळींत ड्राय फूड घालणाऱ्याकडे हल्ली जरा खालच्या नजरेने बघतात.

दुसरी मांजरं कंपन्यांतली. चाकणला गाड्यांचे सुटे भाग पुरवणाऱ्या एका कंपनीच्या स्टोअरमध्ये मी तीन मांजरी पाहिल्या. त्यांची नेमणूक कुणी केलेली नाही, पण त्या आल्यापासून खोकी आणि वायरिंग कुरतडणं थांबलंय, असं स्टोअरवाला सांगतो. नाइटचा वॉचमन परभणीकडचा. तो स्वतःच्या खिशातून पाव किलो, अर्धा किलो सुटे दाणे आणतो. "कॅन्टीनचं तिखट खात्यात साहेब, पण मग पातळ हागत्यात," हे त्याचं निरीक्षण. त्याच्या पगाराकडे बघता पाव किलोच्या पुडीला नावं ठेवायची मला छाती झाली नाही.

ती पुडी कुठून येते, ते बघायला मी पिंपरी कॅम्पात गेलो. दुकानदार बोलका होता. सात किलोची गोणी, तोंड कापलेलं, आत प्लास्टिकचा मग. शेजारी कुत्र्याची गोणी, तसाच मग. मग कधी इकडचा तिकडे जातच असणार. गोणी कधी फोडली? "होईल महिना काका. पंधरवडा. चालतो हा माल." गोणीची मागची बाजू बघू का, असं विचारलं तर तो हसला. अशी मागणी त्याच्याकडे कुणी केली नव्हती. पण गोणी फिरवून दिली, हे त्याचं सौजन्य.

सुट्या मालाचं दुखणं सोपं आहे. दाण्याच्या अंगाला चरबी चोपडलेली असते, म्हणून तर मांजर तो खातं. हवा लागली की ती चरबी खवट होते, जुन्या चकलीसारखी. पावसाळ्यात वर दमट हवा आणि दाण्यातल्या मक्यावर बुरशी. पुडीवर बॅच नंबर नाही, तारीख नाही. मांजर आजारी पडलं तर बोट कुठे ठेवणार? किलोमागे वाचतात चाळीस-पन्नास रुपये. महिन्याला दीड किलो लागतं. म्हणजे बचत तीन-चार वडापावांची.

*

आता दाणा कसा होतो ते. भोसरीत माझा एक मित्र प्लास्टिकच्या एक्स्ट्रूजन डाय बनवतो. त्याला मी पाकिटातला दाणा दाखवला. त्याने तो नखाने फोडला, आतली छिद्रं भिंगाखाली पाहिली आणि म्हणाला, "अरे, ही तर चकली."

खरंच तसंच आहे. आपल्या घरचा सोऱ्या म्हणजे हाताने चालणारा एक्स्ट्रूडर. मांसाची पूड, मका किंवा तांदळाचं पीठ, चरबी, क्षार यांचं मिश्रण आधी वाफेवर ओलं करतात, मग लांबलचक नळकांड्यातून मळसूत्राने दाबत पुढे ढकलतात. आत शंभराच्या बरीच वर उष्णता आणि जबर दाब. पुढे भोकांची तबकडी. बाहेर आल्याबरोबर दाब सुटतो, पाण्याची वाफ होते, पीठ फुगतं, आणि फिरतं पातं त्याचे तुकडे पाडतं. मग वाळवण, शेवटी चरबी आणि चवीचा लेप. कुरकुरे आणि नाश्त्याचे फुगलेले दाणे याच घराण्यातले. अमेरिकेत कुत्र्यांचं असं खाद्य १९५७ च्या सुमारास बाजारात आलं. त्याआधी दुसऱ्या महायुद्धात लष्कराने कथील उचललं आणि डबाबंद खाद्याला डबेच मिळेनात, तेव्हाच कोरड्या मालाने जागा पटकावली होती.

चकली करणाऱ्या कुणालाही पुढचा मुद्दा सांगावा लागत नाही. भाजणी नीट नसेल तर चकली तुटते. इथेही पिष्ट पदार्थ घातल्याशिवाय दाणा फुगत नाही, आकार धरत नाही. म्हणजे मका, तांदूळ, गहू, वाटाणा किंवा बटाटा यांपैकी काहीतरी त्यात असणारच. ती यंत्राची गरज आहे, मांजराची नव्हे. 'ग्रेन-फ्री' असं मोठ्या अक्षरात लिहिलेल्या महागड्या पाकिटात धान्य नसतं, पण वाटाणा-बटाटा असतो. पिष्टाची बेरीज अनेकदा जवळपास तीच.

मांजराची गरज काय? आमच्या खात्यात दर भागाचा एक मास्टर पीस असायचा, कपाटात कुलूपबंद. शंका आली की त्याच्याशी ताडून बघायचं. मांजराच्या खाण्याचा मास्टर पीस म्हणजे उंदीर. साधारण सत्तर टक्के पाणी, उरलेल्यात निम्म्याहून जास्त प्रथिनं, मग चरबी, हाडांतला चुना. पिठूळ पदार्थ जवळजवळ शून्य. भटक्या मांजरांच्या आहारावर २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा हिशेब असा : ऊर्जेचे ५२ टक्के प्रथिनांतून, ४६ टक्के स्निग्धांतून, फक्त २ टक्के कर्बोदकांतून. कुत्रा माणसाच्या ताटाजवळ राहून भात-भाकरी पचवायला शिकला. मांजर राहिलं ताटाजवळच, पण खात राहिलं उंदीर. त्याला गोड चव कळतसुद्धा नाही. त्या चवीचं जनुक मांजरकुळात बंद पडलेलं आहे, हे २००५ मध्ये उघड झालं. दुधावर ते येतं ते साखरेसाठी नव्हे, सायीसाठी. आणि मोठेपणी बहुतेक मांजरांना दूध पचत नाही, हे कोकणातल्या माझ्या आजीला सांगितलं असतं तर तिने मला हाकललं असतं.

*

तर पाकिटाची पाठ. पुढची बाजू मी वाचत नाही, ती जाहिरात. मागे छापील अक्षर इतकं बारीक की मी खात्यातलं जुनं भिंग काढलं. पहिली ओळ शोधायची ती 'कम्प्लीट अँड बॅलन्स्ड', म्हणजे एवढंच खाल्लं तरी मांजराचं भागेल असा दावा, आणि कोणत्या वयासाठी तेही. नुसतं 'कॉम्प्लिमेंटरी' किंवा 'ट्रीट' असेल तर तो खाऊ, जेवण नव्हे. नळीतून पिळून चाटवायच्या त्या क्रीमच्या कांड्या खाऊच आहेत. या दाव्याच्या शेजारी 'आफ्को' या अमेरिकी संघटनेचं किंवा युरोपच्या 'फेडिआफ'चं नाव असतं. आफ्कोचं प्रमाण : कोरड्या वजनावर मोठ्या मांजराला किमान २६ टक्के प्रथिनं, पिल्लाला आणि गाभण मांजरीला ३० टक्के. दावा सिद्ध करायच्या दोन वाटा आहेत. एक, कागदावर घटकांचं गणित जुळवायचं. दुसरी, निदान आठ मांजरांना २६ आठवडे तेच खाऊ घालून तपासायचं. आठ मांजरं म्हणजे फार नव्हेत. पण आमच्याकडेही नवा भाग मंजूर करताना मोजकेच नमुने तपासायचे, त्यामुळे मी नाक मुरडत नाही.

'कोरड्या वजनावर' या दोन शब्दांत सगळी गंमत आहे. कोरड्या पाकिटावर प्रथिनं ३० टक्के, ओलावा १० टक्के. शेजारच्या ओल्या पाउचवर प्रथिनं ९ टक्के, ओलावा ८२. गिऱ्हाईक म्हणतं, तीस कुठे आणि नऊ कुठे! पाणी काढून मोजा. पहिल्यात ९० ग्रॅम कोरड्या मालात ३०, म्हणजे ३३ टक्के. दुसऱ्यात १८ ग्रॅममध्ये ९, म्हणजे ५० टक्के. दोन ड्रॉइंग एकाच स्केलवर आणल्याशिवाय ताडू नयेत, हे आयटीआयच्या पोरालाही शिकवतात.

दुसरं गणित पिठाचं. कर्बोदकं किती, हे पाकिटावर बहुधा नसतंच. शंभरातून प्रथिनं, चरबी, तंतू, ओलावा आणि राख वजा करा. ३०, १०, ४, १०, ८, उरले ३८. राखेचा आकडा आपल्याकडच्या अनेक पाकिटांवर दिलेला नसतो. सात-आठ धरून चाला. उत्तर चाळिशीच्या बरंच वर गेलं, तर तुम्ही मांसाच्या भावात मका घेताय.

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, पण ते वजन शिजवण्यापूर्वीचं. 'ताजं चिकन' पहिल्या नंबरावर दिसतं, कारण त्यात सत्तर टक्के पाणी. ते उडून गेलं की चिकन चौथ्या-पाचव्या नंबरावर घसरू शकतं. उलट 'चिकन मील', म्हणजे वाळवून दळलेलं कोंबडीचं मांस-हाड, ऐकायला गावठी वाटतं, पण ते आधीच कोरडं असल्यामुळे यादीत वर असेल तर तो भक्कम माल. मक्याचं पीठ, मक्याचं ग्लुटेन, मक्याचा कोंडा अशी तीन वेगळी नावं दिसली की ती मनात एकत्र करायची. प्राण्याचं नाव न सांगणारं नुसतं 'मीट' मला पटत नाही. आणि दाण्याचा तांबडा-हिरवा रंग? मांजराला त्याच्याशी देणंघेणं नाही. तो रंग माझ्यासाठी होता, आणि मी तीन वर्षं त्याला भुललो.

प्रथिनांच्या आकड्यावरही आंधळा विश्वास नको. पाकिटावर लिहिलेलं असतं 'क्रूड प्रोटीन'. ते थेट मोजलेलं नसतं. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग बिअर कारखान्याच्या प्रयोगशाळेत योहान केल्डाल यांनी १८८३ मध्ये काढलेल्या रीतीने नायट्रोजन मोजतात आणि ६.२५ ने गुणतात. म्हणजे गेज नायट्रोजनचं आणि निकाल प्रथिनांचा. चामडं आणि पिसंही त्या गेजमध्ये बसतात. २००७ च्या मार्चमध्ये उत्तर अमेरिकेत कुत्री-मांजरं मूत्रपिंडं निकामी होऊन मरायला लागली, तेव्हा सापडलं की चीनहून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये मेलामाइन घातलेलं होतं. मेलामाइनचं दोन-तृतीयांश वजन नायट्रोजनचंच. गेज खूश, प्रथिनांचा आकडा उत्तम. मेनू फूड्स या कॅनडातल्या कंपनीला कोट्यवधी डबे आणि पाउच परत बोलवावे लागले. इनकमिंगच्या माणसाने ही गोष्ट वाचली की रात्री झोप लागत नाही. गेज चुकलं नव्हतं. पुरवठादाराला गेज ठाऊक होतं.

आपल्याकडे राखणदार कोण? आपल्या ताटातल्या अन्नाचा २००६ चा कायदा पशुखाद्याला अन्नाच्या व्याख्येतूनच वगळतो, त्यामुळे बिस्किटाच्या पुड्यावर दिसणारा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा दबदबा इथे नाही. कुत्र्यामांजरांच्या खाद्यासाठी भारतीय मानक ब्युरोचं आयएस ११९६८ हे मानक आहे, पण ते ऐच्छिक. वजन, किंमत, तारीख, तक्रारीचा पत्ता छापायला लावणारा वजनमापांचा कायदा आहे, तेवढा पक्का. करवसुली मात्र चोख : २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा गुरांच्या खाद्याला शून्य आणि मांजराच्या पाकिटाला १८ टक्के. सरकारच्या लेखी मांजर हा शौक आहे. चाकणच्या स्टोअरमधल्या त्या तिघी ऐकतील तर काय म्हणतील.

माल येतो कुठून, हेही पाठीवर असतं. चाकणच्या पुढे खेड सिटीत मार्स कंपनीचा चॉकलेटचा मोठा कारखाना आहे, पण त्याच कंपनीचं मांजरखाद्य, व्हिस्कास, भारतात बनतं ते तेलंगणात, हैदराबादजवळच्या कारखान्यात. ड्रूल्स छत्तीसगडच्या राजनांदगावचं, कोंबड्यांच्या धंद्यातल्या समूहाचं. मी-ओचं मूळ थायलंडचं. मला यातल्या कुणाची वकिली करायची नाही. एकाच कंपनीच्या स्वस्त आणि महाग पाकिटांत जितका फरक असतो, तितका कधी कधी दोन कंपन्यांतही नसतो. म्हणून 'कुठला ब्रँड घेऊ' या प्रश्नाला मी उत्तर देत नाही, पाकीट उलटं करून दाखवतो.

*

पाठीवर एक शब्द नसला तर पाकीट परत ठेवायचं : टॉरिन. हे अमिनो आम्ल मांजराला स्वतःच्या शरीरात पुरेसं करता येत नाही; मांसातूनच यावं लागतं. ते कमी पडलं की डोळ्याचा पडदा खराब होतो, हे १९७५ मध्ये समजलं. तरी मांजरं हृदय फुगून मरत होती आणि कारण सापडत नव्हतं. १९८७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यक शाळेतल्या पॉल पिऑन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की या रुग्ण मांजरांच्या रक्तात टॉरिन कमी आहे, आणि ते दिलं की फुगलेलं हृदय सुधारतं. धक्कादायक भाग पुढे आहे. ही मांजरं उकिरड्यावरची नव्हती, नामांकित कंपन्यांचं 'संपूर्ण' खाद्य खाणारी होती. त्यानंतर कंपन्यांनी टॉरिन वाढवलं आणि तो आजार झपाट्याने आटला. आफ्कोच्या हिशेबात आज कोरड्या खाद्यात किमान ०.१ टक्का टॉरिन लागतं. कुत्र्याच्या खाद्यात ते घालण्याची सक्ती नाही. म्हणून घरात कुत्रा-मांजर दोन्ही असतील तर एकच गोणी आणून काटकसर करू नका. आणि मांजराला शाकाहारी करण्याचं पुण्य तर पदरात पाडूच नका.

चाकणचं नाव निघालंच आहे तर कांद्याचंही सांगून टाकतो. चाकणचा कांदा-बटाट्याचा बाजार महाराष्ट्राला माहीत आहे. कांदा आणि लसूण मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. शिजवूनही तो गुण जात नाही. 'दाणे नकोत, घरचंच बरं' म्हणून रविवारच्या रश्श्यातला तुकडा धुऊन देणाऱ्या घरांत मी गेलोय. द्यायचाच तर मसाला पडायच्या आधी, नुसता उकडलेला द्या. काळीज रोज नको, त्यातलं अ जीवनसत्त्व साठत जातं. सुकट खारी असते. आणि नुसत्या उकडलेल्या चिकनवर मांजर जगत नाही. उंदरात हाडं असतात, तुमच्या लेगपीसच्या गरात चुना नसतो.

*

आता माझ्या चुकीकडे येतो. बंड्याचं दुखणं फक्त दाण्यांमुळे झालं, असं डॉक्टर म्हणाली नाही. नर, नसबंदी झालेला, सात किलोचा, दिवसभर सोफ्यावर, आणि पाण्याची एक वाटी, तीही दाण्यांच्या वाटीला चिकटून. ही सगळी यादी तिने बोटांवर मोजली. मांजराचे पूर्वज उत्तर आफ्रिका आणि पश्चिम आशियातल्या वाळवंटी भागातले. शिकारीतूनच पाणी मिळायचं, म्हणून तहान लागण्याचा गुणच कमी. लघवी घट्ट करून पाणी वाचवायचं, हा त्यांचा जुना उपाय. त्यांना आपण दहा टक्के ओलाव्याचे दाणे देतो आणि धरून चालतो की उरलेलं पाणी ते पितील. पितात, पण पुरेसं नाही. घट्ट लघवीत मॅग्नेशियम आणि फॉस्फेटचे खडे धरतात, नराची मूत्रनळी अरुंद, बूच बसलं. ऐंशीच्या दशकात कंपन्यांनी मॅग्नेशियम कमी केलं, लघवी आम्लधर्मी होईल असं खाद्य बनवलं. ते खडे कमी झाले, आणि कॅल्शियम ऑक्झलेटचे वाढले. एक माप आवळलं की दुसरं सैल होतं, हे आमच्या धंद्यात रोजचं.

उपाय महाग नाहीत. पाण्याची भांडी तीन, तीन खोल्यांत, अन्नापासून लांब, काचेची किंवा स्टीलची, रुंद तोंडाची. दिवसातलं एक जेवण ओलं : पाउच, नाहीतर दाण्यांवर कोमट पाणी. भिजवलेले दाणे तासाभराच्या वर ठेवायचे नाहीत.

आणि वजन. "एक वाटी घालतो" म्हणणाऱ्या माणसाला मी आता विचारतो, कुठली वाटी? घरातल्या दोन वाट्या मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून मोजल्या. एकीत ४८ ग्रॅम बसले, दुसरीत ६३. बायको एकीने घालत होती, मी दुसरीने, आणि दोघंही सकाळ-संध्याकाळ. घरात राहणाऱ्या, नसबंदी झालेल्या चार किलोच्या मांजराला दिवसाला साधारण दोनशे कॅलरी लागतात. शंभर ग्रॅम दाण्यांत साडेतीनशे ते चारशे. म्हणजे दिवसभराचे पन्नास-साठ ग्रॅम, पसाभर सुद्धा नाहीत. बंड्याला त्याच्या चौपटीच्या जवळपास मिळत होते. हिशेब पैशाचाही करा. किलोला ४०० रुपयांचं चांगलं खाद्य ५५ ग्रॅमने घातलं तर दिवसाला २२ रुपये. २५० रुपयांचं शंभर ग्रॅमने घातलं तर २५. स्वस्ताई वाटीतून सांडते.

नवं खाद्य एका दिवसात बदलायचं नाही. आठ-दहा दिवस जुन्यात मिसळत जायचं. मांजर रुसून दोन-तीन दिवस उपाशी राहिलं, तर, विशेषतः लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी भरते आणि तो जिवाशी खेळ होतो. "भूक लागली की खाईल" हे पोरांना ठीक आहे. आणि मोठी गोणी स्वस्त पडते म्हणून एका मांजरासाठी आणू नका, महिना-दीड महिन्यात संपेल एवढंच पाकीट आणा. दाणे डब्यात ओतून पाकीट फेकू नका. पाकिटासकट डब्यात ठेवा, कारण बॅच नंबर पाकिटावर असतो.

माझी तपासणी आता अशी होते. पाकीट आलं की पाठ वाचतो, बॅच आणि तारीख कॅलेंडरवर लिहितो. मूठभर दाणे पांढऱ्या ताटलीत ओततो. एक फोडून हुंगतो. मांस-माशाचा वास चालेल, जुन्या तेलाचा चालत नाही. ताटलीच्या तळाशी पीठ किती राहिलं ते बघतो. बायको म्हणते, जावई बघतानाही एवढं पाहिलं नव्हतं. बंड्या आता पावणेपाच किलोचा आहे. रंगीत दाणे बंद. रोज सकाळी ट्रेमधल्या ओल्या मातीचे गोळे मोजायचे, हे काम माझ्याकडे आहे. दोन किंवा तीन असले की मी चहा घेतो.

नर मांजर ट्रेमध्ये वारंवार बसतंय आणि माती कोरडी आहे, असं दिसलं तर तूप, एरंडेल काही करू नका. त्याच तासाला दवाखाना गाठा, सण असला तरी.

आणि आमच्या पट्ट्यातल्या मंडळींना एक विनंती. धनत्रयोदशीपासून भाऊबीजेपर्यंत भोसरीपासून चाकणपर्यंत बऱ्याच कंपन्यांना सुट्टी लागते. कॅन्टीन बंद, उष्टं बंद, आणि स्टोअरमधली मांजरं आत अडकलेली किंवा गेटवर बसलेली. बोनसचे पेढे वाटाल त्या दिवशी वॉचमनच्या हातात एक किलोचं बंद पाकीट द्या. सुटं नको. आणि पाण्याची दोन भांडी भरून, एक गेटजवळ आणि एक स्टोअरच्या मागे, ठेवायला सांगा.